निमंत्रण घेऊन येणारे सर

"घरचं कार्य हाये, सर. पोट्टे घेऊन या," असं म्हणत ते दोन्ही हातांनी लिफाफा पुढे करायचे. लिफाफ्याच्या कोपऱ्याला हळदीचं बोट लावलेलं असायचं. आत मात्र लग्नपत्रिका नसायची. दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्या हायस्कूलच्या मैदानावर होणाऱ्या बास्केटबॉल स्पर्धेचं ते निमंत्रण असायचं.

ते अमरावतीच्या एका शाळेत खेळाचे शिक्षक होते. मी अकोल्याला, एका उर्दू हायस्कूलमध्ये, त्याच कामावर. आमच्या धंद्यातली माणसं तुम्ही पाहिलीच असतील. गळ्यात शिट्टी, बिनइस्त्रीचा ट्रॅकसूट आणि परीक्षेच्या दिवसांत पाणी वाटायचं काम. हेही तसेच होते. फरक एवढाच, की आमच्यापैकी कोणीच निमंत्रण द्यायला गावोगाव फिरत नसे. आम्ही पोस्टकार्ड टाकायचो आणि जे येतील त्यांच्यात स्पर्धा उरकायचो.

पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी हेडमास्तरांच्या खोलीबाहेर चपला काढल्या, हळदीच्या बोटाकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "हे चालते ना तुमच्याकडे? बायकोनं लावलं." मी म्हटलं, चालते. मग गुडघे चोळत बसले. "थकलो, सर," म्हणाले. हे वाक्य मी पुढे इतक्या वेळा ऐकलं, की ते 'नमस्कार'सारखंच वाटायला लागलं. थकलो म्हणायचे आणि पुढच्या गावची बस विचारायचे.

मी एकदा वैतागून म्हटलं, "सर, तीन तास एस.टी.त हाडं खिळखिळी करून येता. एक पोस्टकार्ड टाकलं असतं तरी आलो असतो."

"तुमी आले असते," ते म्हणाले. "पन मले तुमचे पोट्टे कसे दिसले असते?"

मुलं पाहिल्याशिवाय ते जातच नसत. मैदानावर यायचे, कोण उंच झालं, कोणाचा आवाज फुटला, सगळं पाहायचे. नावं त्यांना आठवत नसत. "तो डावरा कुठी गेला?" असं विचारायचे. डावरा दहावी होऊन बापाच्या गॅरेजात बसला, असं सांगितलं की खरंच हिरमुसायचे.

त्या काही वर्षांत रोजे आणि दिवाळी हातात हात घालून यायचे. आमची मुलं रोजा ठेवून खेळायची. दुपारच्या उन्हात त्यांचा सामना लागला तर हाल व्हायचे. पण दरवर्षी चिठ्ठ्या टाकल्या, की सकाळी सातचा पहिला सामना आमचाच निघायचा. मला ही अल्लाची मेहेरबानी वाटायची. तिसऱ्या वर्षी वलगावचे सर आणि मी चहाच्या वेळी सहज सरांचा तो चिठ्ठ्यांचा डबा उघडून पाहिला. आतल्या एकूण एक चिठ्ठीवर 'अकोला' लिहिलेलं होतं. वलगावचे सर पोट धरून हसले. मी डबा बंद करून होता तिथे ठेवून दिला.

ती वर्षं वऱ्हाडात कशी गेली, हे तुम्हाला मी सांगायला नको. दिवाळीची सुट्टी म्हणजे नेमकी कापूस वेचायची वेळ. पूर्वी घरचे दोन-तीन दिवस मुलांना सोडायचे. मग मजूर लावणं परवडेनासं झालं आणि मुलंच वेचायला जुंपली गेली. आठ संघांचे सहा झाले, सहाचे पाच. जे यायचे त्यांच्या बोटांना बोंडांच्या टोकांनी चिरा पडलेल्या असायच्या. चेंडू जोरात आला की पोरं हात मागे घ्यायची. एका वर्षी नांदगाव खंडेश्वरच्या संघातला सगळ्यात उंच मुलगा डोकं भादरलेलं घेऊन आला. कोणी काही विचारलं नाही. त्या वर्षांत आम्ही विचारत नव्हतो. सरांनी आपली टोपी काढून त्याच्या डोक्यावर घातली. "ऊन हाये लेका," एवढंच म्हणाले आणि शिट्टी वाजवली.

शेवटच्या वर्षी ते आले तेव्हा रोजे सुरू होते. चहा मागवू का म्हटलं, तर म्हणाले, "तुमी नाई घेत तं मी कायले?" गुडघे चोळत बराच वेळ बसले. चेहरा उतरलेला होता. मैदानावर आमची मुलं सराव करत होती. सर तिकडे आलेले पाहताच सगळी धावत आली.

"सर, इस साल भी पहला मॅच हमारा ही ना?" आमच्या कप्तानानं विचारलं.

सरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुमचाच," ते म्हणाले.

त्यांच्या खिशातून लिफाफ्याचं टोक दिसत होतं. मी हात पुढे केला. त्यांनी खिशावर हात ठेवला. "यंदा पत्र नाई, सर. ईद झाली की पुढच्या रविवारी या." आणि बस चुकेल म्हणून जवळजवळ पळालेच. मला आश्चर्य वाटलं, पण माणूस थकला असेल म्हणून सोडून दिलं.

त्या रविवारी अंधारातच निघून आम्ही अमरावतीला पोचलो, तर कोर्टावर गिट्टीचे ढीग. ज्या सिमेंटच्या कोर्टासाठी सर दहा वर्षं संस्थेच्या मागे लागले होते, त्यावर. एका बाजूचा खांब उपटून भिंतीला टेकवलेला होता. संस्थेला तिथे इंग्रजी शाळेची इमारत बांधायची होती. सर फाटकाशी उभे होते. वलगावचा संघ आधीच आलेला, शहरातला एक संघही आलेला. तेवढ्यात नांदगावचेही उतरले.

"सर, हे काय?" मी विचारलं.

"तेच सांगाले आलतो तुमाले," ते म्हणाले. खिशातून त्यांनी चार लिफाफे काढले. स्पर्धा रद्द झाल्याची पत्रं. मुख्याध्यापकांनी पोस्टात टाकायला दिली होती. "दरवर्षी बलावलं तोंडानं, तं येऊ नका सांगाले पोस्ट कसं चालन? म्हून सोताच गेलो. चारही शाळाईत गेलो. सगळीकडे पोट्टे खेळून राह्यले होते. एकाही ठिकानी तोंडातून शब्द निंगाला नाई."

मला त्यांचा राग आला. खोटं कशाला सांगू? पण नांदगावचे तरुण सर माझ्याही पुढे होते. "म्या वेचनीवरून उठवून आनले हे पोट्टे!" ते ओरडले. "याईचे घरचे शिव्या देऊन राह्यले मले. आता काय तोंड दाखवू?"

सर मान खाली घालून उभे राहिले. चाळीस मुलं आमच्याकडे पाहत होती.

मग आमच्या कप्तानानं, कोणाला न विचारता, गिट्टीच्या ढिगावरचं एक घमेलं उचललं. भरलं आणि कोर्टाबाहेर नेऊन ओतलं. दुसरं घमेलं वलगावच्या मुलानं घेतलं. वॉचमन धावत आला. सरांनी त्याला बाजूला नेलं, बराच वेळ हात जोडून काहीतरी सांगितलं. तो परत येऊन म्हणाला, "संध्याकाळपरेंत जसं होतं तसं करून पायजे. सकाळी मिस्त्री येते. माही नोकरी जाईन."

दोन तासांत अर्धं कोर्ट मोकळं झालं. एकच रिंग होती, म्हणून एकाच रिंगवर खेळायचं ठरलं. पहिला सामना आमचाच लावला. दिवसभर धूळ उडत होती, मुलं घसरत होती, गुडघे फुटत होते. सर शिट्टी वाजवत मधूनमधून हातरुमालानं डोळे पुसायचे आणि धुळीला नावं ठेवायचे. नांदगावचे सर दुपारपर्यंत घुश्शात होते. नंतर तेच सगळ्यात मोठ्यानं ओरडायला लागले. जिंकलं कोण, ते आता मला आठवत नाही. करंडक ऑफिसात कुलपात होता, त्यामुळे द्यायलाही काही नव्हतं.

पुढचं थोडक्यात सांगून टाकतो. संस्थेनं त्यांना मेमो दिला आणि सत्रअखेरीला मेळघाटातल्या शाखेत धाडलं, सेमाडोहच्या बाजूला. तिथे चेंडू उसळेल एवढीही सपाट जागा नव्हती म्हणतात. निवृत्त होऊन दोन वर्षांत गेले. मला ते वलगावच्या सरांकडून महिन्यानं कळलं. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मीही निवृत्त झालो. नोकरीत होतो तोवर दिवाळी जवळ आली की शाळेच्या फाटकाकडे माझं उगाच लक्ष जायचं. त्यांच्याइतकं मला त्या नोकरीत कोणी आपलं वाटलं नाही, आणि हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

पण त्या संध्याकाळचं सांगायचंय. सामने संपले तेव्हा ऊन उतरलं होतं. मुलं दमली होती, आम्हीही. कोणी काही न सांगता सगळ्यांनी रांग केली आणि बाहेर काढलेली गिट्टी घमेल्या-घमेल्यानं परत कोर्टावर आणायला सुरुवात केली. सकाळी हसत-ओरडत काढली होती. आता नुसती घमेली हातोहात सरकत होती. सर रांगेच्या टोकाला उभे होते. हातात येईल ते घमेलं ओतत होते. आधी मधला गोल बुजला, मग बाजूच्या रेषा. शेवटी रिंगखाली, फ्री थ्रोच्या रेषेजवळ, चटईएवढी जागा तेवढी उरली. शेवटचं घमेलं त्यांच्या हातात आलं.

ते घेऊन सर त्या जागेवर वाकले. मग मागे वळून त्यांनी ते माझ्याकडे दिलं.

"तुमी टाका, सर," ते म्हणाले. "मले नाई जमून राह्यलं."

मी टाकलं.