सहा महिन्यांचा जावई

आधी चहा घ्या. पुढचं ऐकून मला शिव्या घालायच्या, तर अंगात जोर पाहिजे ना तुमच्या! लोकांची गाडी चुकते, परीक्षा चुकते. माझं अख्खं लग्न चुकलं. तेही माझ्याच तोंडानं!

वडूजला माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. शेजारच्या गाळ्यात सीमा लोकांना ऑनलाईन फॉर्म भरून द्यायची आणि मधल्या वेळात तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करायची. पण तिचे वडील, आबा, म्हणजे रिटायर फौजी. दर रविवारी एक स्थळ दारात हजर!

एक दिवस ती माझ्या काउंटरशी आली. "सुभाष, सहा महिनं माजा 'तो' हो."

"कोन 'तो'?"

"आरं, प्रेमातला! आबा म्हनत्यात, कोन मनात असंल तर सांग, न्हाईतर ह्या उन्हाळ्यात उरकतो. मी तुजं नाव सांगून आले. परीक्षा झाली की मोडलं म्हनू."

सांगून आले! म्हणजे बाई विचारायला नव्हती आली, कळवायला आली होती.

संध्याकाळी आबांनी घरी बोलावलं. वाटलं, आज उभा चिरणार हा माणूस.

"दारू?"

"न्हाई."

"तंबाखू?"

"न्हाई."

"पोरगी परीक्षा देतीया. तवर थांबशील?"

"आवं आबा, जनमभर थांबीन!"

हे वाक्य आमच्यात ठरलेलं नव्हतं बरं का. निसटलं. आबा खूश! दाराआड सीमा ओढणी तोंडात कोंबून हसत होती.

मग काय विचारता! औंधला यमाईच्या डोंगरावर तिच्या आईची पिशवी कुणी वाहिली? मी. आबांच्या मोतीबिंदूला सांगलीपर्यंत गाडी कुणी चालवली? मी. डोळ्यात थेंब घालायला? मीच! खरा जावई एवढं करतो का हो?

आणि या भानगडीत माझं व्हायचं ते झालं. शेजारच्या गाळ्यातून तिचा आवाज आला की हातातला स्क्रू खाली. पडलेला स्क्रू काही सापडत नाही. निम्म्या वडूजचे फोन एकेक स्क्रू कमी घेऊन घरी गेले असतील.

सांगलीला आबा आत झोपलेले, आम्ही दोघं दवाखान्याच्या पायरीवर भडंग खात बसलेलो. सीमा हळूच म्हणाली, "नाटक संपल्यावर आपलं काय रं?"

शहाणा माणूस असता तर काय बोलला असता? पण मला वाटलं, ही घाबरलीय. हा गडी आता चिकटतोय की काय म्हणून! मी छाती काढली. "तू बिनघोर ऱ्हा. माज्या मनात कायबी न्हाई. शब्द म्हंजी शब्द!"

ती भडंगातले शेंगदाणे एकेक करून बाजूला काढायला लागली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी परत आली. "खरंच कायबी न्हाई?"

"यमाईची शप्पत!"

देवीची खोटी शपथ! आणि वर स्वतःचाच अभिमान वाटला हो. केवढा सज्जन मी!

सीमा पास झाली. नेमणूक पार जत तालुक्यात. जाताना तिनं घरी खरं काय ते सांगून टाकलं. पुढं तिकडच्याच एका मास्तराचं स्थळ आलं आणि ती हो म्हणाली. पत्रिका द्यायला स्वतः दुकानात आली.

"दोनदा इचारलं तुला," ती म्हणाली. "दोनी येळला जीव मुठीत धरून इचारलं."

"आगं, मग सरळ सांगायचं न्हाईस व्हय, की तुज्या मनात..."

"तू सांगितलंस?"

मागं गिऱ्हाईक उभं. मी पत्रिका घेतली आणि, खोटं नाही सांगत, "अभिनंदन" म्हणालो. अभिनंदन! तो शब्द आठवला की आजही भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं.

लग्नाला गेलो. न जाऊन करतो काय? त्या घरात राबायची सवय, म्हणून जिलेबी वाढायला उभा राहिलो. आबांनी मला हाताला धरून बाजूला नेलं. फौजी माणूस, पण डोळे भरलेले.

"पोरा, तुमचं नाटक लय झ्याक झालं. आमास्नी तर खरंच वाटलं हुतं."

म्हटलं, "आबा, मलाबी."