बोलणारी गाडी

मंगळवारी दादा गेला. आज त्याच्या गाड्यांच्या शेडमध्ये रेक्झिनचा वास आला आणि मी लहानपणीच्या एका दसऱ्यात पोहोचले.

पाचोऱ्यात दादाने जुन्या फियाटची टीव्हीवरच्या मालिकेतली काळी, बोलणारी गाडी बनवली होती. पुढे मांडवाचे लाल दिवे पळत. मागच्या सीटमागे चादरीत लपून बोलायचे मी.

शेजारच्या अक्कांनी बॉनेटला कुंकू लावून गाडीलाच आपल्या मुलाबद्दल विचारलं, "माय, मना संजू पुण्याथून कव्हय येई वं?" शिकवलेलं विसरून मी म्हणाले, "दिवाळीला." सगळे हसले. अक्का मात्र डोळे पुसत होत्या.

"बोललीस ना? आता मला जावं लागेल," दादा पुटपुटला, आणि रुसून गेलेल्या संजूला दिवाळीआधी घेऊन आला.

तेव्हा मला माझ्या आवाजाचाच अभिमान वाटला होता. संजू अजून पाचोऱ्यातच राहतो.