तंबाखूचा इसावा

परवा दवाखान्यात एका शिकलेल्या मुलीनं माझं तोंड तपासलं आणि म्हणाली, "आजी, तुम्हा खेड्यातल्या बायकांना हे व्यसन अडाणीपणामुळं लागतं." वय तिचं माझ्या नातीएवढं. मी काही बोलले नाही, कारण माझी जीभ तिनं काडीनं दाबून धरली होती. घरी येईपर्यंत मात्र माझं डोकं तापलं. अडाणी मी होते, ते खरं. लिहायला पन्नाशीनंतर शिकले आणि अक्षर अजून ओळ सोडून पळतं. पण तंबाखू मला अडाणीपणानं लागली नाही. ती मी डोळे उघडे ठेवून, समजून उमजून घेतली. का घेतली ते आता लिहूनच ठेवते, म्हणजे पुन्हा कुणी मला शिकवायला नको.

गोष्ट निजामाच्या राज्यातली. नेकनूरच्या शिवारात एका मालकाची मोठी जमीन होती. माझा नवरा त्याच्याकडे सालगडी होता, मोट हाकायचा. मी त्याच शेतात खुरपायला जायची. तेव्हा मी अठरा-एकोणीस वर्षांची असेन. पहिली मुलगी झाली होती, चार महिन्यांची. घरी तिला सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून मी तिला बरोबर न्यायची. बांधावरच्या बाभळीला जुन्या लुगड्याची झोळी बांधायची, तिच्यात तिला ठेवायची आणि पातीला लागायची.

पात म्हणजे प्रत्येक बाईच्या वाटणीची खुरपायची पट्टी. सगळ्या बायका एका ओळीत बसून पुढं सरकायच्या आणि मागं मुकादम उभा असायचा. एखादीची पात मागं राहिली की तो तिच्या आईबापापासून सुरुवात करायचा. दुपारची भाकर सोडली तर हात थांबवायची मुभा दिवसातून दोनदाच मिळायची, एकदा सकाळी ऊन चढल्यावर आणि एकदा दुपार कलल्यावर. मुकादम हाळी द्यायचा, "तंबाखूऽऽ!" की बायका खुरपं टाकून बांधावर बसायच्या, चंची सोडायच्या, चुना लावून तंबाखू मळायच्या आणि गालात बार धरून पाय लांब करायच्या. गडी पलीकडं चिलीम पेटवायचे. ह्याला सगळे तंबाखूचा इसावा म्हणायचे.

पण हा इसावा तंबाखू खाणाऱ्यांनाच होता. जी खात नाही तिनं बसायचं नाही. ती 'रिकामी' धरली जायची. तिनं तेवढ्या वेळात विहिरीवर जाऊन घागर भरून आणायची, सगळ्यांना पाणी पाजायचं आणि इतर बायका उठल्या की त्यांच्याबरोबर पुन्हा पातीला बसायचं. मालकाचं म्हणणं असं होतं, की तंबाखूविना मजुराचा हात चालत नाही, म्हणून तेवढा वेळ द्यावा लागतो. माणसाला दम लागतो, कंबर धरते, अंगावरचं लेकरू भुकेनं रडतं, ही कारणं त्याच्या हिशेबी कारणंच नव्हती. तलफ मात्र कारण होतं, कारण तलफ त्याला स्वतःला होती.

माझी मुलगी नेमकी त्या सकाळच्या इसाव्याच्या वेळी रडायची. मी घागर घेऊन बाभळीखालून जायची आणि ती मला बघून आणखी मोठ्यानं रडायची. पान्हा फुटून चोळी भिजायची. दूध होतं, लेकरू होतं, मधे फक्त बसायची परवानगी नव्हती. दुपारच्या भाकरीपर्यंत ती रडून रडून निजलेली असायची आणि उठवली तरी नीट प्यायची नाही. महिन्याभरात तिचे दंड माझ्या बोटाएवढे झाले. सटवाईनं काय लिहिलंय कोण जाणे, असं शेजारणी म्हणायच्या. सटवाईचा इथं काय संबंध? तिनं का घागर आणायला लावली होती?

आधी मी लबाडी करून बघितली. लिंबाचा वाळला पाला हातावर चोळला, तोंडात टाकल्यासारखं केलं आणि मुलीला घेऊन बायकांत बसले. मुकादम फिरत फिरत आला आणि म्हणाला, "थुक बरं." मी थुंकले. थुंकी पांढरी. "तोंड उघड." तोंडात पाल्याचा चुरा. तो इतका हसला की त्याला खोकला लागला, आणि बायकाही हसल्या. मुलगी माझ्या पदराखाली नुकतीच लागली होती. तिला ओढून काढताना तिनं जो आवाज केला तो मी आजही कुणाला सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी पाणी वाटताना पलीकडच्या टोकाला बसलेल्या म्हातारीनं मला थांबवलं. ती गावकुसाबाहेरची होती. तिची पात सगळ्यात शेवटची असायची आणि इसाव्याला ती आमच्यापासून चार हात लांब बसायची. तिच्या हातून माझ्या हातात काही जाणं तेव्हा चालत नव्हतं, म्हणून तिनं मळलेली तंबाखू एका दगडावर ठेवली आणि हात मागं घेतला.

"घे, पोरी," ती म्हणाली. "व्हटाखाली धर. गिळू नगंस."

"मला सोसायची न्हाई, मावशी."

"सोसायची कुनाला असती? मला बी न्हवती सोसत. पर बसाया तर मिळतंय."

मी ती उचलली. आधी जीभ भाजली, मग शिवार गरगर फिरलं, आणि सकाळी खाल्लेली अर्धी भाकर मी बांधावर ओकले. मुकादमानं लांबूनच बघितलं आणि मान हलवली. ओकारी त्याला पटली. मग मी झोळीतून मुलगी घेतली, पाय पसरले आणि तिला पाजलं. डोकं फिरत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ती पीत होती. त्या दिवशी तिनंही थोडं दूध टाकलं. माझ्या अंगातून तिच्या अंगात काय गेलं असेल, हा विचार तेव्हाही आला होता. मी तो गिळला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चिमूट मागितली.

तंबाखू म्हटली तरी ती सगळ्यांची एक नव्हती. मालकाच्या गुडगुडीत हैदराबादेहून आलेला खमिरा भरला जायचा. गूळ, मसाला, अत्तर घालून कुटलेला तो खमिरा पेटला की वास अर्ध्या शिवारात जायचा, आणि मालक माचणावर येऊन बसलाय हे आम्हाला मान वर न करता कळायचं. मालकीण चांदीच्या डबीतली मिश्री बोटानं दातांवर फिरवायची, ती दातांच्या आरोग्यासाठी. तिच्या सुनाही फिरवायच्या, त्याही आरोग्यासाठीच. आमच्या वाट्याला देठं, बुकणी आणि दुकानदाराच्या पोत्याच्या तळाचा केर. आणि व्यसनी कोण, तर आम्ही. माझा नवरा संध्याकाळी भाकरी थापायच्या आधीच चिलीम भरायचा. मी विचारलं तर म्हणायचा, "आदी वढली की दोन भाकरीत भागतंय." न ओढता त्याला चार लागायच्या आणि घरात तीनच व्हायच्या. मला आणि त्याला कुठल्या चैनीची सवय लागली होती ते ह्यावरून कळावं.

मुलगी बाळसं धरू लागली. मला तंबाखू आता सोसत होती. नुसती सोसत नव्हती, हवी वाटू लागली होती. हाळीच्या आधीच तोंडाला पाणी सुटायचं.

त्या सुमारास मालकाची छाती भरली. रात्रंदिवस खोकला. बीडहून हकीम आणला. हकिमानं नाडी धरली आणि सांगितलं, गुडगुडी बंद. दूध घ्या, मध घ्या, वेलदोडा चघळा, दुपारी आडवे व्हा, धुळीत जाऊ नका. एवढं सगळं हाताशी असल्यावर तंबाखू सुटायला कितीसा वेळ! तरी मालकानं त्याचा केवढा सोहळा केला. कपिलधारला जाऊन तंबाखू देवाला सोडली, तिथं जेवणावळ घातली, आणि गावात आल्यावर लोकांनी त्याच्या गळ्यात हार घातले. चांगली गोष्ट होती. त्याचा खोकला गेला, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

दोन दिवसांनी सकाळचं ऊन चढलं. आम्ही हाळीची वाट बघत होतो, पण मुकादम बोलेना. शेवटी एकीनं विचारलं. तो म्हणाला, "आजपासून शेतात तंबाखू बंद. मालकानं देवाला सोडली हाय. तुमचा वास त्यांच्यापतुर गेला तर त्यांचा नेम मोडंल."

"आन् इसावा?"

"तंबाखू न्हाई तर इसावा कशाचा?"

झोळीत मुलगी रडू लागली. मी खुरपत राहिले. बायकांनी मुकादमाचा डोळा चुकवून गालात बार धरले, खुरपता खुरपताच. तंबाखू बंद झालीच नाही. बसणं तेवढं बंद झालं.

चार दिवसांनी आम्ही पाचजणी मालकाच्या ओसरीपुढं जाऊन उभ्या राहिलो. म्हातारी आली होती, ती अंगणाच्या बाहेर थांबली. मालक लोडाला टेकून वेलदोडा चघळत होता. खोकला गेल्यामुळं तबियत खूश होती. मुलीला कडेवर घेऊन मी पुढं झाले, कारण माझीच गरज मोठी होती. आम्ही वाटेत ठरवून आलो होतो आणि आम्हाला वाटत होतं की ह्याला नाही म्हणायला जागाच नाही. मालकाला तंबाखू नको ना? मग आम्हीही ती देवालाच सोडू, म्हणजे तो राजी होईल. केवढा हा भाबडेपणा! त्यापायी मला मालकापेक्षा जास्त माझाच राग येतो.

"मालक, आमी बी तंबाखू सोडतो," मी म्हणाले. "कपिलधारला जाऊन शपत घिऊ. पर इसावा ऱ्हाऊ द्या."

तो हसला. वाईट हसला नाही, लहान मुलाच्या बोलण्याला हसावं तसा हसला. "तंबाखू सोडली तर बसायचं कावून? बसून करताल काय?"

"लेकरू पाजीन."

"लेकराला घरून पाजून आणावं. आमच्या घरात बी लेकरं हायती. ती काय शेतात बसून पितात?"

त्याच्या घरात दोन म्हशी होत्या आणि सुनांना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नव्हतं. हे त्याला सांगायला हवं होतं. मला तेव्हा सुचलं नाही. नंतर आयुष्यभर सुचत राहिलं. त्यानं आम्हा प्रत्येकीला एकेक वेलदोडा देऊन वाटेला लावलं. अंगणाबाहेरच्या म्हातारीला द्यायचं त्याच्या ध्यानात आलं नाही.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "गप ऱ्हा. साल पुरं व्हायचंय माजं." मी गप राहिले. आठ दिवस गप राहिले. मुलीचं रडणं कमी होत गेलं, आणि ते मला रडण्यापेक्षा वाईट वाटू लागलं. नवव्या दिवशी ऊन चढल्यावर मी खुरपं खाली ठेवलं, झोळीतून तिला काढली आणि सगळ्यांच्या देखत पातीच्या मधोमध बसून पाजायला घेतली. तोंडात काही नव्हतं. मुद्दामच ठेवलं नव्हतं.

मुकादम धावत आला. "थुकून टाक आदी!"

"काय बी न्हाई तोंडात."

"उघड."

मी जबडा फाकला. त्यानं वाकून बघितलं, गालात बघितलं, जिभेखाली बघितलं. बैलाचे दात बघावेत तसं. मग सरळ उभा राहून त्यानं मला विचारलं, "मंग बसलीस कशाला?"

मुलगी समोर पीत होती. चुटचुट आवाज येत होता. आणि तो माणूस खरंच बुचकळ्यात पडला होता. दुष्टपणानं विचारलं असतं तर मी शिवी तरी दिली असती. मी म्हणाले, "हिचं पोट भरंपतुर उठायची न्हाई." तिचं पोट भरलं. मग मी उठले आणि मला कामावरून काढलं.

पुढं पंधरा दिवस मी काम शोधत फिरले. तालुक्यात शेतं काही कमी नव्हती, पण आमच्या मालकाचं कौतुक ऐकून आणखी दोघातिघांनी तंबाखू सोडली होती आणि त्यांच्या शेतातले इसावेही त्यांच्याबरोबर देवाला गेले होते. शेवटी चौसाळ्याकडे एक शेत सापडलं. घरापासून लांब, पहाटे निघावं तेव्हा कामाच्या वेळेला पोचायची. बांधावरून आत शिरतानाच चिलमीचा वास आला आणि माझ्या जिवात जीव आला. तिथला मुकादम म्हणाला, "तंबाखू खाती न्हवं? आमच्याकडं दोनदा बसवत्यात." मी हो म्हणाले आणि चंची काढून दाखवली.

त्या दिवशी पहिल्या हाळीला मी गालात बार धरला आणि मुलीला पदराखाली घेतली. समोर झाडाखाली नवा मालक बसला होता. माणूस थकलेला होता, गाल आत गेलेले, आणि प्रत्येक झुरक्यागणिक छातीत घरघर ऐकू येत होती. त्याला कुणीतरी हकीम दाखवायला हवा होता. मी मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मनातल्या मनात देवाला म्हणाले, ह्याचा खोकला वाढला तरी चालेल, पण माझी लेक अंगावर पिते तोवर ह्याची चिलीम सुटू देऊ नकोस.