बँडमास्तरच्या घरी डीजे

ही हकिकत माझ्या भावजयीची आहे. ती रुग्णालयाच्या धुलाईखान्यात काम करते. तिथल्या भिंती वाफेने सदैव ओल्या असतात आणि गरम चादरींचे ढीग लांब टेबलावर येऊन पडतात. चादरीची घडी एकट्या माणसाला नीट घालता येत नाही. दोघींनी समोरासमोर उभे राहून टोके धरायची, चादर ताणायची, पुढे येऊन टोकाला टोक लावायचे आणि पुन्हा मागे सरायचे. हे तिच्या इतके अंगवळणी पडले आहे, की घरीसुद्धा तिला एकटीने घडी घालवत नाही. दोरीवरच्या चादरी काढल्या की ती हाक मारते, "अहो, टोक धरा." मग माझा भाऊ हातातले काम टाकून निमूटपणे टोक धरतो.

माझा भाऊ बँडमास्तर आहे. तो तीन बोटांनी कळा दाबत ट्रम्पेट वाजवतो. त्यामुळे त्याच्या मुलीचे, म्हणजे माझ्या भाचीचे, लग्न ठरले, तेव्हा समारंभात बँड वाजणार हे कोणी कोणाला विचारलेही नाही. सगळे वादक भावाच्या घरी जमले आणि पहिले गाणे कोणते घ्यावे यावर त्यांची जुंपली. भावजयीने त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि शांतपणे सांगितले, "भांडू नका. मी डीजे ठरवून आले आहे."

ढोल वाजवणाऱ्यास सगळे गडगड्या म्हणतात. त्याने हातातली बशी खाली ठेवली. "वहिनी, बँडमास्तरच्या पोरीच्या लग्नात डीजे? लोक आमच्या तोंडात शेण घालतील!"

"तुम्हाला कसली काळजी, भावजी? तुम्ही कुठे तोंडाने वाजवता?"

सगळे हसले. माझा भाऊ मात्र हसला नाही. "माझ्या वाजवण्यात काय खोट निघाली?" त्याने विचारले.

"खोट कसली? तुम्ही वाजवलंत की म्हातारेकोतारेही नाचतात. आपल्या लग्नात वाजवणारा आजारी पडला, तर तुम्हीच उठून वाजवायला लागलात. सगळे नाचले. मी तेवढी खुर्चीत बसून होते. त्यानंतर प्रत्येक लग्नात मी खुर्चीत आणि तुम्ही स्टेजवर. मला एकदा तरी तुमच्याबरोबर नाचायचं आहे. आता पोरीच्या लग्नात नाही, तर कधी?"

चहा तसाच निवला.

दुसऱ्या दिवशी भाऊ माझ्याकडे आला. "ताई, तू तिला समजाव. तुझं ती ऐकते."

"मला तिचंच पटलंय. तूच समजून घे," मी म्हणाले.

तो हळूच म्हणाला, "ताई, मला नाचता येत नाही गं. जन्मभर दुसऱ्यांचे पाय बघून वाजवलं. माझे पाय काय करतात, मला ठाऊकच नाही. चारचौघांत तिचं हसू झालं तर?"

मी ही गोष्ट भावजयीच्या कानावर घातली. ती एवढेच म्हणाली, "बघू."

समारंभाच्या दिवशी सभागृह माणसांनी भरले होते. डीजे म्हणून एक चुणचुणीत मुलगी आली होती. वादक मंडळी साध्या कपड्यांत, बायकांसह, एका ओळीत तोंडे पाडून बसली होती. आपल्या हातांचे काय करावे हे त्यांना उमजत नव्हते. माझ्या भाचीने जाहीर केले, की पहिले गाणे आईबाबांचे. गाणे सुरू झाले. भाऊ मधोमध खांबासारखा उभा राहिला.

"मास्तर, सूर लावा की!" गडगड्या ओरडला. लोक हसले. भावाची मान खाली गेली आणि त्याने दाराकडे एक पाऊल टाकले.

तेव्हा भावजयीने दोन्ही हात समोर उचलले, बोटे चिमटीत मिटली आणि नेहमीच्याच आवाजात म्हटले, "अहो, टोक धरा."

भावाचे हात आपोआप वर आले. दोघांनी नसलेली चादर ताणली. तो पुढे आला, तिच्या हाताला हात लावला आणि मागे सरला. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. ताल तर त्याच्या रक्तातच होता. पावलांना केवळ काम हवे होते. काही घड्या झाल्यावर त्याने स्वतःच्या मनाने एक गिरकी घेतली आणि सारे सभागृह टाळ्यांनी दणाणले. वादकांनी आपापल्या बायकांना उठवले. गडगड्याची बायको त्याला सर्वांदेखत म्हणाली, "आधी सांगायला काय झालं होतं? चपला तरी धड घातल्या असत्या!"

गाण्याच्या शेवटी भावाने भावजयीला जवळ घेतले होते. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटे तिच्या पाठीवर सारखी हलताना मला दिसली.

ती घामाघूम होऊन माझ्याशेजारी येऊन टेकली. इतके ताठ बसलेले मी तिला कधी पाहिले नव्हते.

"ताई, सगळं गाणं त्यांनी माझ्या पाठीवर वाजवलं."

"कसं वाजवलं?"

"छान. एका ठिकाणी चुकले पण." तिने पदराने कपाळ पुसले आणि ती उठली. "त्या डीजे मुलीला सांगून आले आहे, तेच गाणं परत लाव म्हणून."