इंजिनाला बांधलेलं हळकुंड

माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात पाण्याचं काम माझ्याकडे होतं. मांडव, आचारी, वाजंत्री यांची सोय लागली होती. पाण्याची लागत नव्हती.

कवठे महांकाळला आमच्या गल्लीची एकच विहीर. सत्तरच्या दशकातल्या कोरड्या वर्षांत तिच्या भिंतीपलीकडे सोडावॉटरचा कारखाना आला. मालकाने त्याच झऱ्यावर आपली विहीर खणली आणि डिझेलचं इंजिन बसवलं. गोळीच्या बाटल्या भरून सांगलीला जात, आणि आमचा पोहरा तळाशी खडखडे. दुपारच्या उन्हात इंजिनाचा आवाज संथ, झोप आणणारा असे. त्या तालावर पाणी खाली खाली जाताना मला डोळे मिटूनही दिसायचं.

घाणा भरायच्या दिवशी सवाशिणींनी रीतीप्रमाणे जात्याला आणि मुसळाला हळकुंड बांधलं. मग आत्या ताट घेऊन उठली ती थेट कारखान्यात गेली. मी तिच्यामागे. तिने इंजिनाला हळदकुंकू लावलं आणि ते सुरू करायच्या हँडलला आंब्याच्या पानात हळकुंड बांधलं.

"आवं आत्याबाई, ही काय गंमत?" मालक म्हणाला.

"गंमत कशाची? तुमचं इंजिन बी आमच्याच पाण्यावर दळण दळतंय. त्येला कसं वगळायचं?"

"सांगलीचं गिऱ्हाईक खोळंबलंय माझं."

"त्यास्नी बी घेऊन या जेवायला."

"आन् हे सोडायचं कवा?"

"लगीन उरकल्यावर. जिनं बांधलं तिनंच सोडायचं. तवर हँडल फिरवायचं न्हाई."

मालकाची आई तिथंच बाटल्या पुसत होती. ती उठून इंजिनाच्या पाया पडली, तेव्हा मालकाने इंजिन सुरू करायचा नाद सोडला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी विहिरीत डोकावले. आतल्या भिंतीत एक देवळी होती, ती पाण्याखाली गेली होती. वर निळसर उजेड, खाली तसाच उजेड, आणि कुठेच आवाज नाही. हातात दोर धरून मी नुसतीच उभी राहिले. पाणी ओढायचं विसरले. मला अशी विसरण्याची सवय नाही.

लग्न पार पडलं. पिंपं शेवटपर्यंत भरलेली होती. आत्या पाठराखीण म्हणून बहिणीबरोबर साताऱ्याकडे गेली आणि तिथेच रमली. मालक रोज दारात येई.

"आत्याबाई कवा येणार?"

"पत्र न्हाई आलं अजून."

"मग तुमीच सोडा की."

"मी कशी सोडणार? माझं लग्न व्हायचंय."

तो मान हलवत परत जाई. बंद इंजिनावर चिमण्या बसू लागल्या होत्या. गल्लीतल्या बायका धुणं वाळत घालताना हळू आवाजात बोलत, जणू कुणी झोपलंय.

अखेर आत्या आली. तिने हळकुंड सोडून मालकाच्या हातात ठेवलं.

"आता परत बांधू नका म्हंजे झालं," तो म्हणाला.

"ते तुमच्यावर हाय. सकाळचं पाणी आमाला सुखानं भरू द्या." मग तिने माझ्याकडे बोट केलं. "न्हाई तर ही हाय की अजून लग्नाची."

मालकाने माझ्याकडे नीट पाहून घेतलं. इंजिन सुरू झालं, आणि संध्याकाळपर्यंत देवळी पुन्हा उघडी पडली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आमची शेवटची घागर भरेपर्यंत भिंतीपलीकडे शांतता होती.

माझं लग्न ठरायला बराच वेळ लागला. घरचे काळजीत असत. गल्लीतल्या बायकांना मात्र काही घाई नव्हती.