गाडीसाठी खोदलेला खड्डा

बायकोच्या किडन्या गेल्या तवापासून आमच्या घरात एकच भांडण होतं. पोरगा फोनवर म्हणे, "बाबा, आईले पुण्याले आणा. दवाखाना घराजवळ हाये." मी म्हणे, डायलिसिसची मशीन खामगावातही हाये, मी नेईन तिले. पण एसटीत तिच्यानं बसवेना. येताना खिडकीबाहेर डोकं काढून उलट्या करे.

शेवटी पोरानं त्याची लहानी बॅटरीवरची गाडी आणून अंगणात उभी केली. म्हणाला, "पण आईचं एक जरी डायलिसिस चुकलं, तर मी कोणाचं ऐकणार नाही. घेऊन जाईन." मी जनमभर ट्रॅक्टर चालवला. गाडीचं मले काय मोठं?

गाडी चालली, पण घरी चार्ज होईना. वायर लावली की चार्जरवर लाल लाइट. गावातला वायरमन आला, मीटर पाहून म्हणाला, "काका, तुमच्या घराले अर्थिंगच नाही. जमिनीत वायर गेल्याशिवाय ही गाडी करंट घेत नाही."

"इतकी वर्सं पंखा फिरते, टीव्ही चालते. हिलेच काऊन पाह्यजे?"

"पंखा भोळा हाये, काका. गाडी शहाणी हाये."

मग खड्डा मीच खोदला. वर मुरूम, खाली पाषाण. सब्बल मारून मारून तळहात सोलले, पण मजूर लावला नाही. त्यात वायर जोडलेला लोखंडी पत्रा, कोळसा अन् मीठ घातलं. मीटरपासून गाडीपर्यंत जाड वायर नवी ओढली. हिरवा लाइट लागला तवा मी सगळ्या गल्लीले बोलावून दाखवला.

वायरमननं सांगितलं होतं, रोज पाणी टाका. मीठ टाका असं तो परत बोलला नव्हता. पण जमिनीले एकदाच देऊन भागते, हे मी कुठं पाहिलं नाही. पेरताना खत, डवरल्यावर खत. म्हणून दर बाजाराले मी खड्याचं मीठ आणलं अन् खड्ड्याले घालत गेलो.

बायको ओट्यावरून पाहे. डॉक्टरनं तिचं पाणी मोजून दिलेलं. एकदा म्हणाली, "मले घोटभर, अन् खड्ड्याले बादली. त्या गाडीशीच लगन लावाचं होतं." मी हसलो. ती हसली नाही.

उन्हाळ्यात नळ आटले, टँकर सुरू झाला. त्यातलंही पाणी मी खड्ड्याले पाजलं. तरी एका सकाळी, खामगावले जायाच्या दिवशी, लाल लाइट. बॅटरी उतरलेली. मी आणखी पाणी टाकलं, आणखी मीठ टाकलं, दुपारपर्यंत त्या लाइटकडं पाहत बसलो. शेजारी म्हणाला, माही जीप घेऊन जा. मी नाही म्हटलं. संध्याकाळी तिले दम लागला तवा त्याच जीपमधी तिले झोपवून न्या लागलं.

दुसऱ्या दिवशी वायरमननं खड्डा उकरला. खालची वायर हातात घेताच पापडावानी तुटली.

"काका, अर्थिंग केलं का लोणचं घातलं? मिठानं खाल्ली सगळी."

"मीठच खराब असन," मी म्हणालो.

तिले दवाखान्यातून घरी आणलं, अन् मागंच पोरगा आला. सरळ आईच्या साड्या पिशवीत भरू लागला. मले वाटलं, ती तरी नाही म्हणन. तिनं चपला घातल्या अन् म्हणाली, "तुमीही चला."

"वावर कोण पाहीन?"

वावर दुसऱ्याले बटईनं देऊन दोन वर्सं झाली, हे तिले ठाऊक होतं.  ती पोराचा हात धरून त्यानं आणलेल्या भाड्याच्या गाडीत बसली.

मी नव्या पत्र्यानं, तांब्याच्या वायरनं खड्डा पुन्हा भरला. मीठ वायरमननं त्याच्या हातानं टाकलं. लाइट आता हिरवा राहते. काल पोराले फोन केला, गाडी ठीक झाली म्हणून सांगितलं. विचारलं, तिले कधी आणतोस?

"आता कशाले, बाबा?" तो म्हणाला. "तिले इथं जमलं."

तिच्याशी बोलतो म्हणालो. ती मशीनवर होती.