आतल्या खिशातली चिठ्ठी

लांब्या सोळा वर्षांचा होता. त्याच्या बाबांची लाँड्री होती. शाळेतून आला की कपड्यांना खुणेची पट्टी लिहून लावायची आणि खिसे तपासायचे, ही त्याची कामं. खिशांतून काय काय निघायचं! पेनं, बिलं, अर्धवट चघळलेल्या गोळ्या, एकदा तर दाताची कवळी.

त्या शनिवारी क्लास सुटला तर दारात गोली उभा. शाळेच्या संघाचा गोलकीपर, म्हणून सगळे त्याला गोली म्हणायचे. चेहरा पांढराफटक पडलेला.

"जाकीट तुमच्याकडे गेलंय. आईने सकाळीच गठ्ठ्यात टाकलं."

"मग?"

"तुझी चिठ्ठी आतल्या खिशात होती."

तीन महिने झाले होते त्यांच्या गोष्टीला. गोष्ट तरी केवढी? मैदानामागच्या पायऱ्यांवर बसणं, एकदा हातात हात, आणि ही एक चिठ्ठी. 'काल कोणीतरी आलं म्हणून तू हात सोडलास. मला कळलं, पण घरी येईपर्यंत हात रिकामा रिकामा वाटत होता.' खाली नाव नव्हतं. पण गावभर कपड्यांच्या पट्ट्यांवर तेच अक्षर होतं, नाव कशाला हवं?

दोघं धावत सुटले. गोली कोपऱ्यावरच थांबला. दुकानात यायचं धाडस त्याला झालं नाही.

जाकीट धुऊन तारेवर लटकत होतं. लांब्याने आत हात घातला. खिसा ओला आणि रिकामा. सापडलेल्या वस्तूंच्या डब्यात दोन बटणं आणि एक किल्ली. बाबा इस्त्री करत होते. शेजारी आत्या घड्या घालत होती. शनिवारी ती मदतीला यायची, आणि तिच्या कानावर गेलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत चार गल्ल्या फिरून यायची.

"काय शोधतोस रे?" आत्याने विचारलं.

"काही नाही."

"मग हात चालव," बाबा म्हणाले. मान वर न करता.

पुढचे तीन दिवस लांब्याचा जीव टांगणीला लागला. आई हाक मारायची तरी तो दचकायचा. बाबा जेवताना गप्प, पण बाबा एरवीही गप्पच असायचे. आता या गप्प बसण्याचा अर्थ काय लावायचा? आत्या मंगळवारी उगाचच येऊन गेली. आत आईशी कुजबुजली, तेव्हा लांब्या भिंतीला कान लावून उभा राहिला. तिच्या गुडघेदुखीचं चाललं होतं.

बुधवारी दुपारी बाबांनी दुकानाचं दार ओढून घेतलं. सदऱ्याच्या खिशातून चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. कोरडी, नीट घडी केलेली.

लांब्याने बंद दाराकडे पाहिलं.

"जाकीट आत्याच्या हातात होतं, आतल्या खिशातून तुझं अक्षर डोकावत होतं," बाबा म्हणाले. "मी ओढून घेतलं. अर्धं मिनिट उशीर झाला असता तर?"

"बाबा, मी..."

"थांब. मला हे कळत नाही. खोटं कशाला बोलू? चार दिवस विचार करतोय, तरी कळत नाही." त्यांचा आवाज कापत होता. लांब्याला तेव्हा उमगलं, बाबाही घाबरलेत. "पण लोक काय करतात ते मी पाहिलंय. तुला कोणी हात लावला तर मी काय करू?"

"तुम्ही मारणार नाही?"

बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्यानेच त्यांना मारलं होतं. "वेडा आहेस का? आईला मी सांगेन, पण मला वेळ दे. आणि असलं काही लिहून ठेवत जाऊ नकोस रे."

लांब्या टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडला. बाबा शेजारी अवघडून उभे राहिले. मग इस्त्री बंद करायची राहिलीय म्हणून आत गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

संध्याकाळी पायऱ्यांवर त्याने गोलीला सगळं सांगितलं. गोली आधी हसला, मग मटकन खाली बसला.

"माझ्या घरी कळलं तर माझे बाबा असं बोलणार नाहीत."

"माहितीय."

"मग काय करायचं?"

मैदानावर मुलं ओरडत होती, कोणीही कधीही इकडे वळलं असतं. गोलीने दोनदा मागे वळून पाहिलं. मग थंडगार पडलेला हात पुढे केला, आणि लांब्याने तो धरला.